समीक्षेतून नाहीसा झालेला आवाज

१

पेन्सिलीची रेघ सुरुवातीला फिकी होती. वाक्याच्या मध्यावर ती गडद झाली होती, आणि शेवटच्या शब्दाखाली इतकी दाबली गेली होती की कागदाला चीर पडली होती. रेघ मारणाऱ्याचा राग वाक्यासोबत चढत गेला होता, हे एवढ्यावरून सांगता येत होतं. रेघ माझ्या धाकट्या बहिणीनं मारली होती.

साप्ताहिकात आलेल्या समीक्षेतलं ते वाक्य असं होतं : ‘घरी कोणी नाही’ या शेवटच्या गाण्यात गायिकेचा आवाज पूर्ण एकटा आहे, तिचा हात धरायला दुसरा कुठलाही आवाज येत नाही, आणि हे धाडसच या अल्बमला मोठं करतं.

“दुसरा कुठलाही आवाज येत नाही,” बहीण म्हणाली. “मग मी तिथे उभी राहून काय केलं, ताई? माशा मारल्या?”

तिला आम्ही सगळे बारकी म्हणतो. ‘तिसरा मजला’ नावाच्या तिघांच्या रॉक बँडमध्ये ती बेस गिटार वाजवते आणि दुसरा आवाज देते. पहिला आवाज आणि गाणी कप्तानची. तिला कप्तान म्हणतात, कारण कोणी उशिरा आलं की ती शिट्टी वाजवते. तिसरा ड्रमर, जो बोलत नाही आणि भांडतही नाही, म्हणून बँड टिकला आहे असं बारकी म्हणते. त्यांचा ‘रिकामे हँगर’ हा अल्बम नुकताच आला होता. कुठल्याही कंपनीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर काढलेला. अशा अल्बमकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण या अल्बमला साप्ताहिकातल्या ‘नवे अल्बम’ या सदरात साडेचार तारे मिळाले होते. ते सदर लिहिणाऱ्या समीक्षकाला गाणी करणारे सगळे ‘सर’ म्हणतात, आणि सरांनी तीनच्या वर तारे दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

त्या समीक्षेनं सगळं बदललं होतं. एका संयोजकानं तिघांना सहा महिन्यांच्या दौऱ्याचं बोलावणं पाठवलं होतं. ड्रमरनं मान हलवली होती. कप्तान रोज बारकीला विचारत होती, “येतेस ना?” आणि बारकी रोज म्हणत होती, “सांगते.” संसार आहे, चष्म्याच्या दुकानातली नोकरी आहे, नवरा आहे. सांगते, सांगते करत ते तसंच लोंबकळत राहिलं होतं.

“आता काय सांगायचं राहिलंय?” ती म्हणाली. “मला काढूनच टाकलंय. कप्ताननं सरांना वेगळी प्रत पाठवली. माझ्या आवाजाशिवायची.”

“तुझा आवाज अल्बममध्ये आहे?”

तिनं हेडफोन माझ्या कानांवर चढवले. मी डोळे मिटून ऐकलं. दाराची बेल वाजते, कप्तान दारातून गाते, घरी कोणी नाही. आणि घराच्या आतून, भिंतींतून यावा तसा, बारकीचा आवाज तेच शब्द म्हणतो. त्या गाण्याची सगळी कळ तिथे आहे. कोणी नाही असं सांगणारं माणूस आत आहे. तो आवाज वजा केला की गाणं उरतं, पण उलटं.

“ताई, तुम्हीच समजवा हिला!” स्वयंपाकघरातून बारकीच्या नवऱ्याचा आवाज आला. तो शर्टांना इस्त्री करत होता आणि फळीवरच्या त्याच्या गोल डबीएवढ्या स्पीकरवर बातम्या चालल्या होत्या. बातम्या, गाणी, क्रिकेट, त्याला सगळं त्या डबीवर लागतं. “साडेचार तारे मिळालेत आणि ही सुतक धरून बसलीय. ऑफिसात लोक माझ्याकडे पार्टी मागतायत.”

“मग तूच विचार ना सरांना,” बारकी ओरडली. “एकाच साप्ताहिकात आहात.”

“अगं, मी उपसंपादक. नात्यातल्या माणसाचा मजकूर असला की त्या पानाला हात लावू देत नाहीत आम्हाला. नियम आहे तो.” तो इस्त्री उभी करून दारात आला. “ताई, चहा टाकू? तुमचा बिनसाखरेचा, इंजिन ऑइलसारखा.”

मी हसले. मी प्रयोगशाळेत पंपांचा, पंख्यांचा, धुलाई यंत्रांचा आवाज मोजते. आमच्या नात्यागोत्यात माझं काम नेमकं काय हे विचारून पुढे उत्तरही ऐकून घेणारा तो एकटा.

“तू आवाज मोजतेस ना?” बारकी मला म्हणाली. “मग माझा कुठे गेला ते शोध. नाहीतर मी आजच बँड सोडते.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कप्तानचा निरोप होता. बारकीनं वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला.

‘सरांना दवाखान्याचं तू सांगितलंस. एवढं तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं. मला तुझ्याशी बोलायचं नाही.’

“कुठला दवाखाना?” मी विचारलं.

बारकीचा चेहरा उतरला होता.

२

कप्तान दिवसा मुलांना पोहायला शिकवते. मी गेले तेव्हा ती तलावाच्या काठावर उकिडवी बसून एका मुलीला म्हणत होती, “पाय मार, पाय! पाण्याला तुझी काही दया येणार नाहीये!” बंद छताखाली तिचा प्रत्येक शब्द परत येत होता. अशा जागी कोणाशी खासगी बोलणं अवघड असतं.

“ताई, तिनं पाठवलं तुला?”

“मी आले. तू सरांना वेगळी प्रत पाठवलीस?”

“मी?” ती उभी राहिली. “सगळ्यांना एकच लिंक गेली. सरांना, ड्रमरच्या घरी, माझ्या आत्याला. हवी तर बघ.” तिनं फोन दाखवला. लिंक खरंच एकच होती. “आणि ताई, तू शिकलेली आहेस, तूच सांग. तिला काढायचंच असतं तर अल्बममधून काढलं असतं. फक्त सरांच्या प्रतीतून काढून मला काय मिळणार? तिच्याशिवाय ते गाणं उभं तरी राहतं का?”

मला यात चूक सापडली नाही.

“दवाखान्याचं काय?”

तिनं शिट्टी गळ्याभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“तिसरं गाणं. सरांनी लिहिलंय, ते ‘दवाखान्याच्या बाकावर, बाकाखाली हरवलेली एक चप्पल पायानं चाचपडत लिहिल्यासारखं’ वाटतं. वाचलंस ना? आईचं ऑपरेशन चाललं होतं. मी बाकावर होते. माझी एक चप्पल कुणाच्या तरी पायानं ढकलली गेली होती आणि मी तिथे बसून ते गाणं लिहिलं. गाण्यात ना बाक आहे, ना चप्पल. हे मी जगात एका माणसाला सांगितलं. तुझ्या बहिणीला.” तिचा आवाज खाली आला, तरी तलावानं तो मोठा करून परत दिला. “आईला अजून माहीत नाही की मी त्या वेळी गाणं लिहीत बसले होते. आता ती वाचेल. आणि बारकी मलाच चोर ठरवते? वा रे मैत्री!”

“ती म्हणते, मी सरांना आयुष्यात भेटलेली नाही.”

“मग चप्पल काय उडत गेली सरांकडे?”

पाण्यातली मुलगी हे सगळं कान देऊन ऐकत होती. कप्तान तिच्यावर खेकसली, “तू काय बघतेस? पाय मार!”

मी बाहेर पडले तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. समीक्षा लिहिणाऱ्याला जे ऐकू यायला हवं होतं ते आलं नव्हतं. आणि जे ऐकू येणं शक्य नव्हतं ते त्याला माहीत होतं.

३

अल्बम ध्वनिमुद्रित करणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्याच्या खोलीच्या भिंतींवर जुन्या रजया ठोकलेल्या आहेत आणि दारावर गादी. आत शिरलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो.

“बारकीचा आवाज? अहो ताई, त्यावर तर मी जीव टाकलाय,” तो म्हणाला. “कप्तानचं म्हणणं होतं, हिचा आवाज कुठूनच आल्यासारखा वाटायला नको आणि सगळीकडून यायला हवा. घरच बोलतंय असं. मग मी तो डाव्या बाजूला जसाच्या तसा टाकला आणि उजव्या बाजूला उलटा करून. ऐका.”

त्यानं दोन्ही स्पीकरवर गाणं लावलं. आवाज खोलीभर पसरला. बोट दाखवायला जागा नाही असा.

उलटा म्हणजे काय ते सांगायला हवं. आवाज म्हणजे हवेची ढकलाढकल. डावा स्पीकर जेव्हा हवा पुढे ढकलतो, त्याच क्षणी उजवा ती तेवढीच मागे ओढतो. स्पीकर दोन असले, तर दोन कानांना दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि डोकं गोंधळून म्हणतं, आवाज सगळीकडून येतोय. पण दोन्ही बाजू एकाच स्पीकरमध्ये ओतल्या तर? दोन माणसं एकाच दाराला समोरासमोरून सारख्याच जोरानं रेटतात, तसं होतं. दार हलत नाही.

“एका स्पीकरवर लावून बघितलं होतंस?” मी विचारलं.

मिस्त्रीनं कान खाजवला. मग म्हणाला, “बघायला हवं होतं. पण आजकाल एका स्पीकरवर ऐकतं कोण, ताई? ज्याच्या त्याच्या कानात दोन बोंडं असतात.”

“आता लाव.”

त्यानं दोन्ही बाजू एकत्र करायचं बटण दाबलं. कप्तानचा आवाज तसाच राहिला. गिटार राहिली. बारकी गेली. दिवा मालवावा तशी गेली. मागे नुसती पुसट ओल उरली, ती माहीत असणाऱ्यालाच कळेल.

“आयला,” मिस्त्री म्हणाला. त्यानं बटण सोडलं, ती आली. दाबलं, गेली. “म्हणजे कोणी काढलाच नाही. माझ्याच हातून मेला म्हणायचा.”

“म्हणजे सरांनी एका स्पीकरवर ऐकलं.”

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला आणि मग खो खो हसायला लागला.

“सर? एका स्पीकरवर? ताई, त्या माणसानं लग्नात मिळालेलं कपाट विकून स्पीकर घेतलेत. फोनवर गाणी ऐकणाऱ्यांना तो माणसांत धरत नाही!”

४

सरांच्या खोलीत माणसाएवढे उंच दोन स्पीकर होते आणि त्यांच्यापासून सारख्या अंतरावर एक खुर्ची. तिन्हींचा मिळून अचूक समभुज त्रिकोण होत होता. मला ती मांडणी आवडली. पण खुर्चीवर पाकिटांची चळत होती. बँडवाल्यांनी पाठवलेले अल्बम. वरची पाकिटं नवी, खालची पिवळसर. एकही उघडलेलं नव्हतं.

“बसा,” सर म्हणाले आणि मला स्टूल दिलं. ते स्वतः खिडकीपाशी बसले. सत्तरी गाठलेला, दाढी नीट राखलेला माणूस. “बहिणीचं अभिनंदन. मोठा अल्बम आहे.”

“तुम्ही तो इथेच ऐकलात?”

“मी इथेच ऐकतो. दुसरीकडे ऐकणं म्हणजे फोटोत जेवणं.”

“शेवटचं गाणं पुन्हा ऐकू या का? मला तुमच्यासोबत ऐकायचंय.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. नाही म्हणायला कारण सापडेना, असं दिसलं. मी उठून खुर्चीवरची पाकिटं उचलली आणि जमिनीवर ठेवली. खाली बैठकीवर पाकिटांच्या आकाराची स्वच्छ चौकट होती, भोवती धूळ.

सर बसले. मी फोनमधलं गाणं त्यांच्या यंत्राला जोडून लावलं.

बेल वाजली. कप्तान गायली. सर डोळे मिटून, मान किंचित कलती ठेवून ऐकत होते. सवयीचं रूप होतं ते. मग घराच्या आतून बारकीचा आवाज आला आणि खोलीभर झाला.

सरांनी डोळे उघडले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं.

“ही दुसरी कोण?” ते म्हणाले.

५

गाणं संपलं. नंतर त्यांनी स्वतःहून सांगितलं. खोटं बोलायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

“मला ऐकवत नाही हल्ली,” ते म्हणाले. “कान ठीक आहेत. मनच लागत नाही. पहिलं गाणं सुरू झालं की वाटतं, हे आपण ऐकलेलं आहे. मग बंद करतो. सदर बंद करायला हवं होतं. पण सदर गेलं की मी कोण? म्हणून... लेख तयार येतात. मी दोन-चार शब्द इकडचे तिकडे करतो आणि खाली माझं नाव.”

“पोरं तुमच्या शब्दावर नोकऱ्या सोडतात, सर.”

“माहीत आहे.”

“हा लेख कोणाकडून आला?”

“ते मी सांगणार नाही. तेवढी तरी इभ्रत राहू द्या माझी.” ते जमिनीवरच्या पाकिटांकडे बघत होते. “तो म्हणाला, हा अल्बम खरंच चांगला आहे, निःशंक सही करा. लेख वाचला तर मलाही वाटलं, लिहिणाऱ्यानं जीव ओतून ऐकलंय.”

“जीव ओतून नाही,” मी म्हटलं. “एका स्पीकरवर.”

जिना उतरताना मी हिशेब मांडला, प्रयोगशाळेत मांडते तसा. लिहिणारा बँडमधला नाही, मिस्त्रीही नाही. त्यांना बारकीचा आवाज ठाऊक आहे, ते असं वाक्य लिहिणार नाहीत. लिहिणारा बाहेरचा म्हणावा, तर त्याला बाक आणि चप्पल कुठून कळली? म्हणजे त्याला आतली गोष्ट माहीत आहे आणि आतला आवाज माहीत नाही. त्याचे लेख थेट सरांकडे जातात, म्हणजे तो साप्ताहिकात आहे. आणि तो एकाच स्पीकरवर ऐकतो.

या सगळ्या अटी पुऱ्या करणारं माणूस मला जिन्याच्या वळणावरच दिसलं. मी कठड्याला धरून उभी राहिले. आकडे चुकले असावेत असं मला कामाच्या ठिकाणी कधी वाटत नाही. त्या दिवशी वाटलं.

खात्री करायला मी बारकीला फोन लावला.

“दवाखान्याच्या बाकाचं तू कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही! आईशप्पथ, ताई.”

“आठव.”

 दुकानात कोणीतरी चष्म्याची फ्रेम मागत होतं.

“म्हणजे... घरात सांगितलं असेल,” ती म्हणाली. “पण घरात सांगणं म्हणजे सांगणं थोडंच असतं?”

६

रविवारी सकाळी मी कप्तानला घेऊन बारकीकडे गेले. कप्तान येत नव्हती. “मला तिच्या दारात उभं राहायचं नाही,” म्हणाली. मी म्हटलं, तिच्यासाठी नको, चपलेसाठी चल.

बारकीनं दार उघडलं. दोघी एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिल्या.

“अरे वा, कप्तान!” बारकीचा नवरा हात पुसत बाहेर आला. “मिटलं का तुमचं? बसा, बसा. ताई, इंजिन ऑइल?”

“नंतर,” मी म्हटलं. “तुझा तो स्पीकर आण जरा.”

त्यानं डबी आणून टेबलावर ठेवली. मी ‘घरी कोणी नाही’ लावलं आणि बारकीला खुणेनंच सांगितलं, बोलू नको.

बेल वाजली. कप्तान गायली. आणि घराच्या आतून कोणीच बोललं नाही. बारकी पुढे झुकली, आणखी झुकली. आपला आवाज शोधणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. कप्तानच्या भुवया वर गेल्या. चौघांपैकी एकटा तो आरामात टेकून बसला होता आणि ठेक्यावर बोटं हलवत होता.

“कसं वाटतं?” मी त्याला विचारलं.

“काय सांगू, ताई. काटा येतो. केवढं एकटं गाणं आहे. कोणी म्हणजे कोणी नाही सोबत.”

मी त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि तेच गाणं पुन्हा सुरू केलं.

त्याचा चेहरा मी पाहू शकले असते, पण मी पाहिला नाही. मी टेबलाकडे बघत राहिले. त्याची बोटं थांबली, एवढं दिसलं.

“काय चाललंय?” बारकी म्हणाली. “ताई?”

मी सांगितलं. उलटा आवाज, एक स्पीकर, धुळीतली चौकट, बाक, चप्पल. जेवढं ठाऊक होतं तेवढंच, क्रमानं. कप्तान मध्येच खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली.

“तू लिहिलंस?” बारकीनं त्याला विचारलं.

त्यानं हेडफोन काढून हळूच खाली ठेवले. “तुझ्यासाठीच लिहिलं ना. सर तुमची लिंक उघडणारही नव्हते. बाकीच्यांच्या पाकिटांसारखी पडून राहिली असती. वाईट लिहिलं का मी? साडेचार तारे दिले!”

“नियम आहे म्हणालास. पानाला हात लावू देत नाहीत.”

“म्हणून तर सरांच्या नावानं. आणि म्हणूनच तुझा उल्लेख मुद्दाम टाळला. कोणाला संशय नको.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. आपल्या बाजूनं बोलेल असं माणूस तो शोधत होता. “ताई, तुम्हाला तरी पटतंय ना?”

मला ते पटायला हवं होतं. त्या घरात त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

“उल्लेख टाळणं वेगळं,” मी म्हटलं. “तू लिहिलंस की दुसरा आवाज नाहीच. कानात दोन बोंडं घातलेला कुठलाही पोरगा ते खोटं ठरवील. संशय टाळणारं माणूस असं वाक्य लिहीत नाही. ते फक्त न ऐकलेलं माणूस लिहितं.”

“मी ऐकलं! भाजी चिरताना, पण ऐकलं सगळं!”

“अल्बम मी सगळ्यात आधी तुला दिला,” बारकी म्हणाली. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. “ड्रमरच्या घरच्यांच्याही आधी. तू म्हणालास, ऐकला, मस्त आहे. बरं. गाण्यात बायको नाही, हे तुला खटकलं नाही?”

“मला वाटलं, त्या गाण्यात तुला काम नसेल.”

“मी उन्हाळाभर या घरात तेच म्हणत होते. आंघोळ करताना, कपडे वाळत घालताना.”

त्यानं डबी बोटानं थोडी सरकवली. मग जे बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच त्यानं ते बोलायला नको होतं.

“मला वाटलं, तू कप्तानचं गाणं गुणगुणतेयस.”

बारकी हसली. हसू आलं तसंच गेलं.

“मला आठवडाभर वाटत होतं, कप्ताननं मला काढून टाकलं,” ती म्हणाली. “मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले. आणि माझी गोष्ट नव्हती ती, बाकाची. तिची होती. मी तुला विश्वासानं सांगितली आणि तू ती छापलीस. तिची चप्पल तुझ्या बरोबर लक्षात राहिली. मीच राहिले नाही. आणि लिहिलंस काय? मी नाही हेच या गाण्याचं मोठेपण.”

“तसा अर्थ नव्हता माझा...”

“अर्थ तोच आहे. चांगलं लिहितोस तू. कळतं लगेच.”

कप्तान घसा खाकरून म्हणाली, “बारके, मी तुला जे लिहिलं, ते...”

“राहू दे.”

“नाही, ऐक. मी चुकले. पण दुसरंही एक आहे. ते साडेचार तारे आता कोणाचे? मी संयोजकाला अंधारात ठेवून गाडीत बसणार नाही. आजच सांगणार आहे त्याला, समीक्षा खोटी आहे म्हणून. मग बोलावणं राहील की जाईल, देव जाणे. गेलं तर आपणच फिरू, मिळेल तिथे वाजवू. मिस्त्रीकडून आवाज सरळ करून घेऊ.”

“कप्तान, थोडं थांबा,” नवरा घाईघाईनं म्हणाला. “त्याला कशाला सांगताय? सरांची नोकरी जाईल, माझी जाईल. बारके, तू शांत हो आधी. आपण दोघं बोलू. दौऱ्याचं काय ते सावकाश ठरवू. अजून तू काही ठरवलेलंच नाहीयेस ना?”

बारकी उठली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, रागानं नाही; दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर फ्रेम बसते की नाही हे बघताना ती पाहते तसं, नीट, थोडं मागे सरून. मग ती कप्तानकडे वळली.

“मी येते,” ती म्हणाली. “बोलावणं राहिलं तरी येते आणि गेलं तरी येते. आणि परतल्यावर या घरी येणार नाही.”